नानांच्या अ‍ॅम्प्लिफायरचं हमिंग

६ जुलै २००३, रविवार. नांदेड

उलटा! अख्खा बोर्ड उलटा काढला मी!

लातुरात दोनशे पोरांच्या बॅचला वीज शिकवते, प्रवाहाची दिशा बाण काढून काढून घोटवून घेते, आणि स्वतः बोर्ड काढताना डावं-उजवं विसरते. सर्किटचा नकाशा कागदावर काढला तो वरून बघून — म्हणजे भाग जिथे बसतात त्या बाजूने. आणि तसाच्या तसा तांब्यावर उतरवला. तांबं असतं खालच्या बाजूला! आरशात बघून काढल्यासारखा काढायला हवा होता. मग नेलपॉलिशने रेघा, मग फेरिक क्लोराइडच्या पाण्यात तासभर तबक हलवणं, मग एकेक छिद्र. बोटं अजून पिवळी आहेत. रेग्युलेटर बसवला तर त्याचे तीन पाय बरोब्बर उलट्या क्रमाने. मीटरवर यायला हवे होते सहा पॉइंट तीन व्होल्ट. आले साडेनऊ. नशीब, व्हॉल्व्ह जोडायच्या आधी मोजले.

मी काही बोलायच्या आत नानांनी बोर्ड उचलला. मोतीबिंदूने डोळे गेल्यात जमा. नुसता अंगठा फिरवला आणि हसले.

"उलटा आहे गं. काय करून राहिलीस? पहिल्या महिन्यातलं शिकाऊ पोरगंबी असं करत नाही." बोर्ड टेबलावर टाकला. मग, "आईवर गेलीस."

हे ते दर रविवारी एकदा म्हणतातच. आज सकाळीच म्हणून मोकळे झाले.

साखराबाई दारात उभी होती. नानांचा स्वयंपाक, धुणं, गोळ्या, सगळं तीच बघते. विचारते, "ताई, ह्ये काय चाललंय म्हनावं?" मी सांगितलं — नानांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळ्या आहेत ना, त्यांच्या पोटात एकेक चूल असते. ती तापली की नळी जागी होते. त्या चुलीला भिंतीतली खेळती वीज दिली की ती घूं करते आणि तो आवाज, म्हणजे हमिंग, थोडाफार स्पीकरमधून येतोच. मी तिला बॅटरीसारखी सरळ वीज देणार, की घूं बंद.

"म्हंजी चुलीच्या जागी ग्यासची शेगडी," साखराबाई म्हणाली. बारावीच्या बॅचला चार तासात जे कळत नाही ते हिला एका वाक्यात कळलं!

चारची लातूर गाडी. लोह्यापर्यंत उभी होते.

७ जुलै, सोमवार. लातूर

चाचणीचे मार्क वाचले. शेवटून, नेहमीप्रमाणे. शेवटच्याला आधी उभं करायचं, पहिल्याला ताटकळत ठेवायचं. माझी पद्धत. पालकांना आवडते, गावोगावचे येऊन सांगतात, मॅडम, अशीच चामडी सोला.

मुखेडची सुकन्या आजही सगळ्यात आधी उभी. शंभरात एकोणीस. मी विचारलं, "समजलं का, कुठे..." आणि ती, "समजलं मॅडम." मी अजून तिचा पेपर उलगडलाही नव्हता! बॅच हसली. मीही हसले.

१३ जुलै, रविवार. नांदेड

नवा बोर्ड कागदावरच आहे. घाई नको. आज नानांनी पुन्हा सगळी कथा लावली, म्हणून लिहूनच ठेवते. निदान कागदावर तरी एकदा सरळ यावी.

नानांचं लातुरात रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. उद्धवरावांचा कान म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात नाव. रेडिओ खोलायच्या आधी, नुसत्या आवाजावरून, कुठला व्हॉल्व्ह थकला ते सांगायचे. १९७१ साली स्वतःसाठी एक अ‍ॅम्प्लिफायर बांधला. त्या पेटीला आम्हा भावंडांपेक्षा जास्त लाड मिळाले.

त्र्याण्णवच्या गणपतीत आईला मखरासाठी टेबल लागलं. तिने पेटी टेबलावरून उचलून फळीवर ठेवली. दहा दिवस तिथेच. अनंत चतुर्दशीला विसर्जन करून सगळे थकून आलो, आई म्हणाली, "सकाळी उतरवते." सकाळ व्हायच्या आत भूकंप. फळी आणि पेटी दोन्ही नानांच्या उशाशी. फळीचा कोपरा कानाच्या वर लागला, तीन टाके पडले. किल्लारीकडे माणसं घरांखाली गाडली गेली होती, आणि आमच्या घरात रडणं होतं पेटीला पोचे आले म्हणून!

पट्टी सुटल्यावर नानांनी पेटी लावली. म्हणाले, हमिंग मारतेय. तेव्हापासून मारतेय. दहा वर्षांत त्यांनी ट्रान्सफॉर्मर बदलला, कंडेन्सर बदलले, एकूण एक तार पुन्हा पिळली. नांदेडच्या या घरात आलो तरी तेच. आणि प्रत्येक वेळी — "तुझ्या आईनं वर ठेवला. रात्रीच उतरवला असता तर!" घरातला गणपती बंद केला. आणि तबकड्या बंद. हमिंग जाईपर्यंत एकही तबकडी वाजवायची नाही. मी टेपरेकॉर्डर आणला तर म्हणाले, असला डबा घरात नको.

नव्याण्णवमध्ये आई अंथरुणाला खिळली. भजनाची एक तबकडी होती तिच्या आवडीची, म्हणाली एकदा लावा. नाना म्हणाले, "आधी हमिंग जाऊ दे." आणि आई काय म्हणाली? "हो, आहे खरं थोडं हमिंग." मरता मरतासुद्धा त्यांच्या होला हो! कणा म्हणून काही नव्हताच तिला. आठ दिवसांनी गेली, तबकडी न ऐकता.

आता त्यांचे डोळे गेले, हात थरथरतात. म्हणून पेटी माझ्याकडे आली. मला त्यांच्या तोंडून दोनच शब्द हवे आहेत. शांत झालं. ते एकदा म्हटले की आईचं नाव घ्यायला त्यांना कारण उरणार नाही. नंतर ती तबकडी लावायची, बस.

२० जुलै, रविवार. नांदेड

दुसरा बोर्ड. सुलटा! वेगळा नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, चार हजार सातशेचा कंडेन्सर, रेग्युलेटरला हाताएवढं अ‍ॅल्युमिनियमचं पान. प्रीसेटचा स्क्रू फिरवत फिरवत व्होल्टेज जागेवर आणलं. सहा पॉइंट तीन. काटा हलत नाही. दोन्ही लहान व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले, गार तारेला एकदम धक्का बसू न देता. सुंदर दिसत होतं.

नाना खुर्चीत, डोळे मिटून. "आहे हमिंग."

मी कापडाला कान लावला. आहे! खरंच आहे, पहिल्यापेक्षाही जास्त. भलतीच चिडले. अहमदपूर येईपर्यंत चिडलेली होते. तिथे स्टँडवर चहा घेताना कळलं — चुलीचं सर्किट मी अधांतरी ठेवलंय. दोन्ही टोकांकडून शंभर-शंभर ओम घेऊन जमिनीला बांधायला हवं. फळ्यावर हेच मी जोरजोरात सांगते, पृथ्वीशी नातं ठेवा म्हणून.

२७ जुलै, रविवार

गेले नाही. सीईटीच्या जादा बॅचेस. नानांचा फोन — "हरलीस का?"

१० ऑगस्ट, रविवार. नांदेड

तिसरा बोर्ड. शंभर-शंभर ओम जमिनीला, दुसरा मोठा कंडेन्सर, मध्ये छोटा रेझिस्टर. चालू केलं, आणि काही नाही. काहीच नाही! स्पीकरच्या कापडाला कान लावला. बाहेरच्या रिक्षा ऐकू येतात, साखराबाईचं लाटणं ऐकू येतं, स्पीकरमधून काही नाही. मीटर लावला, मिलिव्होल्टचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. साखराबाईला कान लावायला लावला. "बंदच हाय की ह्यो," म्हणाली.

टाळी वाजवावीशी वाटली. इतका स्वच्छ बोर्ड मी आयुष्यात केला नव्हता. नानांना आणून बसवलं. डोळे मिटले त्यांनी. बराच वेळ.

"आहे."

"नाना, काही नाहीये. मीटर लावलाय मी."

"मीटरला काय कळतं? आहे. बारीक आहे पण आहे. तुझ्या आईला ऐकू यायचं. तुझा कानच दगडाचा." मग ओळखीचं गाणं. वर ठेवला, रात्रीच उतरवला असता, वगैरे.

मी पकड फेकली. त्यांना नाही, भिंतीवर.

१३ ऑगस्ट, बुधवार. लातूर

दोन दिवस वर्गात काय बोलले आठवत नाही. सुकन्याला फळ्यापाशी अर्धा तास उभं ठेवलं एवढं आठवतं.

डोक्यात एकच घोळतंय. मला ऐकू येत नाही, साखराबाईला नाही, मीटरला नाही. नानांना येतं. का? कान इतका तीक्ष्ण आहे म्हणून? की मला हरवायचंय म्हणून?

रविवारी बघते. पोरं कॉपी करतात की अभ्यास करून आलीत ते ओळखायची माझी एक रीत आहे. पेपरात एक प्रश्न असा घालायचा, ज्याला उत्तरच नाही.

१७ ऑगस्ट, रविवार. नांदेड

कळलं!

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरशिवाय चालू ठेवत नाहीत, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. हे नानांनीच शिकवलंय. म्हणून स्पीकरच्या तारा काढल्या आणि त्यांच्या जागी आठ ओमचा जाडजूड रेझिस्टर बांधला. स्पीकर मेला. त्यातून आता देवाचाही आवाज येणार नाही.

"नाना, ऐका."

डोळे मिटले. मान तिरपी केली, पूर्वी दुकानात करायचे तशी. "आहे. आज जास्तच आहे."

"कसं आहे?"

"खालच्या सुरात. एकसारखं. थांबतच नाही गं."

मी रेझिस्टरकडे बघत बसले. घरात स्पीकर नाही, आवाज नाही, आणि हा माणूस मला सूर सांगतोय! मग कानावरचा तो टाक्यांचा व्रण दिसला. रोजच दिसतो. आज पहिल्यांदा बघितला.

हमिंग पेटीत नाही. त्याच्या कानात आहे! त्या पहाटेपासून. दहा वर्षं ह्याने ट्रान्सफॉर्मर बदलले, कंडेन्सर बदलले, माझ्या आईला सोलून काढलं, आणि आवाज ह्याच्याच डोक्यात! तो, त्याने, ह्याने — लिहू दे. आज अहोजाहो येत नाही.

त्याला काही बोलले नाही. स्पीकर पुन्हा जोडला आणि चारची गाडी धरली. एवढ्यात सांगून टाकणं म्हणजे त्याला सोडून देणं. एकांतात सांगितलं तर तो म्हणेल, तुझा कान दगडाचा. मार्क खोलीत बोलावून सांगायचे नसतात.

३१ ऑगस्ट, रविवार. गणेश चतुर्थी

शेजारच्या घरात आरत्या. आमचं टेबल रिकामं. नाना म्हणाले, "टेबल बघ कसं मोकळं आहे. तेव्हा ठेवलं असतं मोकळं तर!"

बोला नाना. आईच्या श्राद्धाच्या नवमीपर्यंत बोलून घ्या.

७ सप्टेंबर, रविवार

तबकडी शोधून काढली. कपाटाच्या तळाशी, आईच्या जुन्या ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेली. पुसली. अंबरीशला फोन केला, अविधवा नवमीला ये म्हणून. माझा भाऊ, पुण्याला असतो, वर्षातून दोनदा नानांच्या पाया पडतो. म्हणाला, येतो. गुरुपादप्पांनाही निरोप दिला. उदगीरचे, लग्नाकार्यात भोंगे लावायचे, नानांचे पन्नास वर्षांचे दोस्त. साक्षीदार हवेत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. अविधवा नवमी. नांदेड

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध. आईचं पान झालं, गुरुजी जेवून गेले, मग आम्ही. वड्याची आमटी, खीर. अंबरीश, गुरुपादप्पा, नाना, मी. साखराबाई वाढत होती.

हात धुतल्याबरोबर सुरू. तिच्या श्राद्धाच्या दिवशी! "स्वभावानं चांगली होती, पण अक्कल नव्हती. वर ठेवला. रात्रीच उतरवला असता..."

मी म्हटलं, "नाना, नवा बोर्ड केलाय. चौथा. आज सगळ्यांसमोर ऐका."

खोटं. तिसराच होता. सगळे पेटीभोवती बसले. मी मागे गेले, आणि भिंतीतला प्लगच उपटला. व्हॉल्व्ह विझले. अंबरीशने पाहिलं. गुरुपादप्पांनी पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

"ऐका नाना."

मान तिरपी. डोळे बंद. 

"आहे," नाना म्हणाले. "चौथ्यांदा बी आहे. भरपूर आहे. अंबरीश, तुला येऊन राहिलं ना?"

अंबरीश माझ्याकडे बघतो, पेटीकडे बघतो. "हो नाना. थोडंसं."

भेकड! आणि गुरुपादप्पा? ज्यांनी आयुष्यभर भोंग्यांखाली काढलं? "हाय की उस्ताद. जरा हाय. न्हाई असं न्हाई."

मग मी नानांचा हात उघडला आणि तळव्यावर प्लग ठेवला.

त्यांनी अंगठा फिरवला. तीन पिना. एकेक चाचपली. तारेवरून बोटं मागे मागे नेली, पेटीपर्यंत.

"हा कशाचा?"

"तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचा. मघापासून बाहेर आहे. हमिंग पेटीत नाही नाना, तुमच्या कानात आहे. फळी लागली तेव्हापासून. पेटीला काही झालं नव्हतं. आईनं तुमचं काही बिघडवलं नव्हतं. दहा वर्षं तुम्ही तिला जे जे बोललात ते फुकट बोललात."

मोठ्याने सांगितलं. वर्गातला आवाज काढून, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"विशाखा, बस कर," अंबरीश म्हणाला. म्हटलं, "तू गप. तुला तर थोडंसं ऐकू येतं!"

नानांचा हात कानाकडे गेला, व्रणावर थांबला. मी प्लग घेतला, लावला, व्हॉल्व्ह तापू दिले, आणि आईची तबकडी ठेवली. दहा वर्षांनी! सुरुवातीला नुसता तंबोरा. इतका स्वच्छ, की खोली धुतल्यासारखी झाली. अंबरीशचे डोळे भरले.

तंबोरा चालू होता आणि नाना म्हणाले, "लावलीस का?"



खोटं कशाला लिहू? मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. जेवण पुन्हा जाईल इतकी भूक लागली.

२१ सप्टेंबर, रविवार. नांदेड

नाना मागच्या अंगणात बसतात. पेटीच्या खोलीत येत नाहीत. आईचं नाव घेतलं नाही, दिवसभरात एकदाही. जिंकले की मी!

साखराबाई भांडी आपटत होती. शेवटी म्हणाली, "मला ठावं व्हतं ताई. चार वर्सं झाली. कडी वाजली तर ऐकू येत न्हाई त्येन्ला. तुमचा वर्गातला मोठा आवाज, म्हून तुमचं कळतं. दूध उतू गेलं तर वासावरून वळखत्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय मिळनार व्हतं? म्हातारा मानूस कानावरच उभा व्हता."

२२ सप्टेंबर, सोमवार. लातूर

सुकन्याने क्लास सोडला. वडील मुखेडहून येऊन ट्रंक घेऊन गेले. आज शेवटून पहिला दुसराच कोणीतरी होता.

२८ सप्टेंबर, रविवार

नानांना लातूरला आणलं, कान दाखवायला. मलाच वाटलं, पुराव्याला डॉक्टरचा कागद असावा. चल म्हटलं तर चपला घालून उभे. कुठे, कशाला, काही नाही. गाडीत खिडकीशी बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. पूर्वी याच रस्त्यावर इंजिनाच्या आवाजावरून ड्रायव्हरला गिअर बदल म्हणून सांगायचे.

३० सप्टेंबर, मंगळवार. लातूर

आज भूकंपाला दहा वर्षं. रस्त्यात श्रद्धांजलीचे फलक.

कानाचे डॉक्टर म्हातारे झालेत. नानांना आतल्या काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावून, आवाज आला की बोट वर करायचं. काचेतून दिसत होते. बोट बराच वेळ वर झालं नाही. मग उगाचच झालं, आवाज नसताना.

डॉक्टर म्हणाले, "उद्धवराव रेडिओवाले ना? मी तपासलंय यांना. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीच्या सुमारास. टाके नीट भरलेत का ते बघायला म्हणून त्यांच्या मिसेसनी आणलं होतं."

मी म्हटलं, काहीतरी चुकतंय. नाना कधी कानाच्या डॉक्टरकडे गेले नाहीत.

"त्यांना कान तपासतोय असं कळूच दिलं नाही बाईंनी. मी निदान सांगितलं ते त्यांनाच, बाहेर बोलावून. आतली नस दुखावली, हा आवाज आता जन्मभर, ऐकणं हळूहळू कमी होत जाणार. बाईंनी हात जोडले. म्हणाल्या, डॉक्टर, यांना सांगू नका. हा माणूस कानावर जगतो. मशीन बिघडलंय असंच त्यांना वाटू द्या. मी मशीन वर ठेवलं म्हणून ते बोलून राहिलेत, तर बोलू द्या. मशीन आज ना उद्या दुरुस्त होईल अशी आशा तरी राहील. कानाला कुठली आशा?"

मी विचारलं, "आणि त्यांनी हमिंग आहे म्हटलं की काय करायचं, ते विचारलं का तिने?"

डॉक्टर हसले. "विचारलं ना! मी म्हटलं, तुम्हालाही येतं म्हणा."

हो, आहे खरं थोडं हमिंग.

सहा वर्षं म्हणत राहिली. तबकडी मागितली त्या दिवशीही म्हणाली. आणि मी तिला बिनकण्याची म्हणत आले. याच वहीत लिहिलंय, मागची पानं आहेत. अंबरीश भेकड, गुरुपादप्पा खोटारडे, साखराबाई अडाणी. शहाणी एकटी मी! तिने सहा वर्षं शिव्या खाऊन जे झाकून ठेवलं, ते मी तिच्याच श्राद्धाला, तिचंच नाव घेऊन, चार माणसांत फोडलं.

नाना बाहेर आले. विचारलंही नाही, काय म्हणाले डॉक्टर. माझ्या चेहऱ्याच्या दिशेने बघत उभे राहिले. चुकलेलं पोर उभं राहतं तसे.

४ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी. नांदेड

हत्यारांची पूजा. पकड, मीटर, सोल्डरिंगची कांडी पाटावर मांडली. पेटीला झेंडूची माळ घातली. आज हत्यारं वापरायची नसतात. ठरवून आले होते — नाना हमिंग आहे म्हणाले की म्हणायचं, हो, आहे, मलाही येतंय. जन्मभर म्हणेन.

नाना आपण होऊन आत आले. भिंत धरत धरत खुर्चीत बसले. हात मांडीवर.

मी म्हटलं, "नाना, ऐकू येतंय का..."

"शांत झालं," नाना घाईघाईने म्हणाले. "एकदम शांत झालं गं विशाखा. काही नाही आता."

प्लग पाटावर होता, झेंडूच्या फुलांत. मी अजून लावलाच नव्हता.